बेबाबाई, पाय वर ठेव!

मी बोलतेय. इकडेतिकडे बघू नका, जरा खाली बघा. चपलांच्या दुकानात दुकानदार तुमचा पाय ज्यावर ठेवून घ्यायचा, ती तिरप्या फळीची बुटकी लाकडी वस्तू आठवते का? तीच मी. दुकानात मला घोडी म्हणायचे. मला चार पाय आहेत, पण त्यांची कुणी चौकशी करत नाही. चौकशी करायची ती मीच, आणि ती दुसऱ्यांच्या पायांची. कुणी मला भोचक म्हणेल तर म्हणो. पाय येऊन माझ्या डोक्यावर बसतो, मग मी काय डोळे मिटून घेऊ?

दाराच्या चौकटी करून उरलेल्या सागाच्या तुकड्यांतून निंबा सुताराने मला जोडलं आणि वर हिरवं रेक्झिन ठोकलं. रावेरच्या बाजारात गौतमचंदशेठचं चपलांचं दुकान होतं. शेठ धर्माचे पक्के. चामड्याची वस्तू त्यांनी कधी दुकानात येऊ दिली नाही. रबर, रेक्झिन आणि कॅनव्हास, बस. खाली दुकान, वर घर, आणि घरात त्यांची बायको सूरजबाई. तिचा आवाज खाली दुकानापर्यंत यायचा आणि समोरच्या घरातही जायचा.

हजारो पाय पाहिले मी. माणसं तोंड धुऊन बाजारात येतात, पाय तसेच घेऊन येतात. पुरुष बिनधास्त पाय टाकतात. बायका आधी साडी खाली ओढतात, मग चवड्यापुरता पाय पुढे करतात, आणि जिच्या टाचेला भेगा जास्त ती सगळ्यात आधी मागे घेते. मला तेव्हा त्याचं हसू यायचं.

समोरच्या घरात बेबाबाई नवरी होऊन आली. लग्नानंतर पहिल्यांदा चप्पल घ्यायला ती सासूबरोबर आली आणि सोबत होते तिचे जेठ, म्हणजे मोठे दीर, रुपचंद आबा. आबा दुकानाच्या दारात उभे होते. जेठासमोर पाय वर कसा करायचा? तिने तो माझ्यावर ठेवलाच नाही. शेठनी फरशीवर अंदाजाने माप काढलं. चप्पल एक नंबर लहान निघाली आणि तिने ती मुकाट्याने दोन वर्षं वापरली. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

पुढे ती एकटी येऊ लागली, तेव्हा मात्र ठेवायची. मग दर वर्षी मी तिचा डावा पाय बघत आले. तिच्या नवऱ्याची, रतिलालची, केळी होती. बेबाबाई सकाळपासून पॅकिंगच्या शेडमध्ये उभी. फण्या कापायच्या, टाक्यातल्या पाण्यात धुवायच्या, खोक्यात भरायच्या, ट्रक निघेपर्यंत बसायचं नाही. एका वर्षी पोटरीवर निळी शीर दिसली. दुसऱ्या वर्षी ती दोरीसारखी फुगली, वेटोळी झाली. मग घोट्याच्या वरची कातडी काळपट पडली, आणि एके दिवशी खोक्याचा कोपरा तिथेच लागला.

नखाएवढी जखम होती ती. चार वर्षांत तळहाताएवढी झाली.

काय नाही लावलं तिच्यावर! हळद झाली, कडुनिंबाचा पाला झाला, केळीच्या सोपटाची राख झाली, लाल औषध झालं. शुगर तपासली, शुगर नव्हती. कंपाउंडर एक दिवसाआड पट्टी बदलायचा आणि म्हणायचा, "सुकत आलीय." चार वर्षं सुकतच आली होती. वास येऊ लागला. कुणाच्या तरी लग्नात पंगतीला तिच्या शेजारची बाई पान उचलून दुसऱ्या रांगेत गेली. त्यानंतर बेबाबाई कुठल्याच लग्नाला गेली नाही. भाऊबंदांत कार्य असलं की म्हणायची, "मी घर राखते, तुम्ही जा."

शेवटची आली ती दोन्ही पाय माझ्यावर ठेवून शेठना विचारायला. "शेठ, एका जोडात दोन नंबर मिळतील का हो? उजव्याला सहा लागते, डाव्याला आठ."

शेठनी लगेच दोन जोड फोडले आणि तिचा जोड करून दिला. उरलेली उजवी आठ आणि डावी सहा तशीच माळ्यावर पडून राहिली.

मग शेठ थकले. नातू अनुज दुकानात आला, त्याने काचेचं दार लावलं, सोफा आणला. मी गेले मागच्या अंगणात. माझ्यावर आधी पापडाचं ताट आलं, मग तुळशीची फुटकी कुंडी. रेक्झिन फाटलं. कुंडी डोक्यावर घेऊन बसलेलं असताना माणसांच्या पायांची आठवण येते, खोटं कशाला सांगू!

ज्या दिवशी कुंडी उतरली, त्या दिवशी अंगणात दोघी बोलत होत्या. सूरजबाई आणि बेबाबाईची सून कामिनी.

कामिनीनेच सासूला जळगावला नेलं होतं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पायावर मशीन फिरवून रक्त कसं वाहतं ते बघितलं आणि विचारलं, "चार वर्षं वरून मलम लावत होतात?" मग समजावलं. पायातलं रक्त वर चढतं, ते मागे येऊ नये म्हणून शिरेला आतून झडपा असतात. बेबाबाईच्या झडपा निकामी झाल्या होत्या. रक्त खालीच साचायचं. "टाकं वाहतंय आणि तुम्ही फरशी पुसताय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी खराब शीर लेसरने बंद केली, जखम खरवडून साफ केली, आणि डाव्या मांडीची पातळ कातडी काढून तिच्यावर बसवली. सहाव्या दिवशी पट्टी उघडली तर कातडीने छान धरलं होतं.

"आता एकच पथ्य आहे, सूरजभाभी," कामिनी सांगत होती. "पाय वर पाहिजे. झोपलं तर छातीपेक्षा वर. खाली लोंबला की रक्त उतरतं, कातडीच्या खाली पाणी साचतं आणि ती सुटते. उशा लावते, तर त्या घसरतात."

"घसरणार नाही अशी वस्तू आहे माझ्याकडे," सूरजबाई म्हणाली, आणि माझ्यावरची कुंडी हलली.

मला गरम पाण्याने घासलं, उन्हात वाळवलं, वर जाड गोधडी बांधली आणि समोरच्या घरी नेऊन दिवाणावर ठेवलं.

"ही? चपलांच्या दुकानातली?" बेबाबाई उठून बसली. "गादीवर?"

"तुझ्यापेक्षा स्वच्छ आहे. दोनदा आंघोळ घातलीय तिला."

"अहो पण घरात लक्ष्मी..."

"लक्ष्मीशी मी बोलते. तू पाय ठेव."

तो पाय पुन्हा माझ्यावर आला. इतक्या वर्षांनी. पट्टीत गुंडाळलेला, गरम, जड. मी मनात म्हटलं, बाई, आता तुला पडू देत नाही.

पण माझ्या मनात असून काय उपयोग! पहिला घोळ दिवाणाच्या दिशेवरून झाला. पाय पूर्वेला केले तर देव्हारा. पश्चिमेला केले तर भिंतीवर सासऱ्यांचा फोटो. दक्षिणेला पाय करून कुणी झोपत नाही. उरलं दार. म्हणून पाय दाराकडे आले, आणि दारातून सगळं गाव आत आलं.

आजाऱ्याला बघायला जाणं हे आमच्याकडे टाळता येत नाही. केळी दोन नाहीतर चार घेऊन, ऑपरेशन कुठे झालं, किती टाके पडले, कोणता डॉक्टर, हे विचारायला माणसं येतात. प्रेमाने येतात हो. पहिल्या सोमवारी तेवीस जण आले. आणि दर माणसागणिक तो पाय माझ्यावरून खाली उतरला. चुलत सासरे आले, उतरला. भाऊबंदांतले दीर आले, उतरला. केळीचा माल भरणाऱ्या ग्रुपचे मुकादम आले, त्यांच्यासाठीही उतरला. पदर डोक्यावर, पाय साडीत, साडी जमिनीपर्यंत. पाहुणा अर्धा तास बसला तर पाय अर्धा तास लोंबता.

आणि रुपचंद आबा! शेजारच्याच घरात राहायचे. दिवसातून तीनदा यायचे. दारात आले की आधी खाकरायचे. तो खाकरा कानावर पडला की पाय असा काही खाली जायचा, जणू माझ्यावर निखारा ठेवलाय. आबा खुर्ची ओढून समोर बसायचे. भावजयीशी थेट बोलायची रीत नाही, म्हणून कामिनीला विचारायचे.

"काय व कामिनी, बेबाले बरं वाटतं का?"

"हो, आबा."

"डाक्टरीननं पाय वर ठेवाले सांगितला ना? ठेवते का नही?"

"ठेवतात, आबा."

"तिले म्हना, अजिबात खाली सोडू नको."

हे ते बोलत असताना पाय त्यांच्यापासून दोन हातांवर, साडीच्या आत, खाली लोंबत असायचा! माझी फळी रिकामी. लाकडाला दात असते तर मी ते खाल्ले असते. कामिनीला वाटायचं, पाहुण्यापुरताच तर उतरतो. बेबाबाईला वाटायचं, दिवसभर वरच तर असतो. आबांना काही वाटायचंच नाही, कारण त्यांना काही दिसतच नव्हतं. आणि जिला सगळं दिसत होतं, तिला तोंड नव्हतं.

तीन आठवड्यांनी तोच वास पुन्हा आला.

जळगावहून परत येऊन कामिनी सूरजबाईजवळ रडली, तेव्हा मला कळलं. कातडीखाली पाणी साचून ती बुडबुड्यासारखी सुटली होती, कडा काळ्या पडल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी तीनदा विचारलं, पाय वर ठेवला होता ना? बेबाबाई, रतिलाल, कामिनी, तिघांनी सांगितलं, हो. कुणी खोटं बोलत नव्हतं, हीच तर माझी चिडचिड! "शीर बंद केलीय, टाके नीट, मग कातडी गेली कशी?" त्यांना उलगडेना. शेवटी त्या म्हणाल्या, "आता उजव्या मांडीची कातडी घेते. पण हीसुद्धा गेली तर तिसऱ्यांदा हात लावायच्या आधी मला खूप विचार करावा लागेल."

बेबाबाई त्या दिवशी जेवली नाही. म्हणाली, "माझं अंगच खराब आहे. चांगली कातडी लावली तरी कुजवतं."

अंग कशाला खराब असेल, बाई! पण मी काय बोलणार.

या खेपेला कामिनीने मलाही गाडीत घातलं. तिचा नवरा तेजस गाडी चालवत होता, मी डिकीत. ऑपरेशन झालं. खाटेवर मी, माझ्यावर पाय. तिसऱ्या दिवशी रुपचंद आबा इतक्या लांब आले. वॉर्डाच्या दारात खाकरले आणि पाय निघाला खाली! नर्स ओरडली म्हणून अर्ध्यात थांबला. नर्सने आबांना भेटण्याची वेळ संपल्याचं सांगून बाहेर काढलं. मी म्हटलं, संपलं. घरी कुठे नर्स असणार आहे?

पाचव्या दिवशी एक म्हातारा काठी टेकत आला. धोतर, टोपी, हातात पिशवी. बेबाबाईचा मामा, चुडामण मामा, धुळ्याहून एसटीने आलेला. वय ऐंशीच्या पुढे. तिच्या माहेरी आता तेवढंच एक माणूस उरलं होतं. मी अंग आवळून बसले. इतका मोठा माणूस, म्हणजे पाय गेलाच खाली.

मामाने टोपी काढली आणि माझ्यावरच्या पट्टीतल्या पायाच्या बोटांना कपाळ लावलं.

आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो. भाची पाळण्यातली असो नाहीतर पन्नाशीची, तिचा पाय मामाला देवाचा. हे मला ठाऊक होतं. पण माझ्या डोक्यात आलं नव्हतं, त्या बाईच्या डोक्यात आलं नव्हतं, कुणाच्याच आलं नव्हतं.

"मामा, पाया कशाला पडता? पट्टी आहे."

"मग पट्टीना पाया पडनू म्हन. कशी शेस वं तू?"

"बरी आहे."

"बरी शे तर डोयामा पानी काबरं?"

तो बसला. बोलत राहिला. धुळ्याची, पाण्याची, त्याच्या दातांची तक्रार. अर्धा तास झाला. मी वाट बघत होते, आता जाईल, आता जाईल. पाय हललासुद्धा नाही.

मामा चहाला बाहेर गेला आणि कामिनी पुढे झाली. ती त्या पायाकडेच बघत होती.

"पप्पा, आईंना रावेरला न्यायचं नाही."

"मग कुठी न्यायचं?" रतिलालने विचारलं.

"धुळ्याला. मामांकडे."

"स्वतःचं घर असून बायको मामाच्या दारात टाकू? गाव काय म्हनंल?"

"गाव येऊन समोर बसेल, पप्पा, आणि आईंचा पाय खाली येईल. मागच्या वेळी कातडी तशीच गेली. आत्ता मामांसमोर आला का खाली?"

रतिलाल पायाकडे बघत राहिला. बेबाबाईही बघायला लागली, जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे.

"मी मुद्दाम नाही घेत हो," ती हळूच म्हणाली. "तो आपोआप येतो खाली."

डॉक्टरीणबाईंना सांगितलं तेव्हा त्या आधी हसल्या, मग त्यांनी ते केसपेपरवर लिहून घेतलं. म्हणाल्या, "हे मला विचारायलाच सुचलं नव्हतं." धुळ्यातल्या ओळखीच्या डॉक्टरांना त्यांनी पट्ट्यांसाठी फोन लावला.

धुळ्यात आम्ही सहा आठवडे राहिलो. मामाची एक खोली, एक पडवी. दाराकडे पाय, देवाकडे पाय, कुठेही पाय. रोज सकाळी मामा यायचा पाया पडायला. कधी झोपेत पाय घसरून खाली गेलेला असला तर तो रागवायचा, "पाय वर ठेव. मनी कंबर वाकत नही." आणि स्वतः उचलून माझ्यावर ठेवायचा. बेबाबाई खुदकन हसायची. तिला हसताना मी तेव्हाच ऐकलं.

सहाव्या आठवड्यात पट्टी निघाली ती निघालीच. नवी कातडी गुलाबी, तिच्यावर जाळीसारखी बारीक नक्षी, आणि वास नाही. मामाने नाक जवळ नेऊन हुंगलं आणि म्हणाला, "कायच नही. निस्ता साबन."

आम्ही रावेरला परतलो. सूरजबाईने माळ्यावरची ती डावी सहा नंबरची चप्पल शोधून आणली. उजवी सहा बेबाबाईकडे होतीच. जोड जमला.

तुम्हाला वाटेल, झालं सगळं गोड. कसलं गोड! डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की घट्ट मोजा रोज सकाळी चढवायचा, आणि दिवसातून तीनदा अर्धा अर्धा तास पाय वर, कायमचं. मोजा दोन दिवस पायात, तिसऱ्या दिवशी दोरीवर. का? "गावाला जाताना घालीन. घरात कशाला झिजवायचा?" अगं बाई, तो काय पैठणी आहे? कामिनीने ओरडून ओरडून तो पायात आणला.

आणि मग दारात तो खाकरा.

पाय माझ्यावरून उचलला गेला. सहा आठवडे वर राहिलेला पाय, एका खाकऱ्याने.

"थांब!" सूरजबाई तिथेच लसूण सोलत बसली होती. "पाय वर ठेव, बेबा! आणि आबा, तुम्ही तिथंच थांबा. एक गोष्ट ऐका. हिची पहिली कातडी का गेली, माहीत आहे? तुम्ही आलात की ही पाय खाली घेते. मर्यादा म्हणून. दिवसातून तीनदा. वर गाव वेगळं."

आबा उंबऱ्यावरच राहिले. त्यांचा चेहरा मी खालून बघत होते.

"इतके दिवस मले कोनी बोललं काबरं नही?" ते म्हणाले.

आबा वळून निघून गेले.

तीन दिवस आले नाहीत. बेबाबाईचा घास उतरेना. "माझ्या एका पायापायी घरातलं मोठं माणूस दुखावलं," ती म्हणायची. "यापेक्षा जखम बरी होती." जखम बरी होती! चार वर्षं, दोन मांड्या, एक म्हातारा मामा, आणि ही म्हणते जखम बरी होती. मला चारच पाय आहेत, पण त्यातल्या एकाने तिला ढोसावंसं वाटलं.

चौथ्या दिवशी खाकरा आला. पाय थरथरला. मी ती थरथर फळीत झेलली.

आबा आत आले नाहीत. त्यांनी हात लांब करून खुर्ची उचलली, दारात ठेवली, आणि गल्लीकडे तोंड करून, आमच्याकडे पाठ करून बसले. सदऱ्याची घामेजलेली पाठ आणि टोपीची मागची बाजू, एवढंच दिसत होतं.

"कामिनी," ते गल्लीला उद्देशून म्हणाले, "तिले विचार, पाय वर हाये का?"

कामिनीने तोंड उघडलं. त्याच्या आधी दिवाणावरून आवाज आला. तीस वर्षांत बेबाबाई जेठाशी एक शब्द थेट बोललेली नव्हती.

"आहे, आबा."

पाठ जरा हलली. मग ते केळीच्या भावाबद्दल बोलू लागले.

तेव्हापासून हे रोजचं झालंय. गल्लीतले लोक हसतात, रुपचंद आबा घरच्यांकडे पाठ करून बसतात म्हणून. हसू देत. माझं रेक्झिन कधीच गेलं, एक पाय डगमगतो, खाली पुठ्ठा घातलाय. पण माझ्यावर जे वजन आहे ते जिवंत माणसाचं आहे, कुंडीचं नाही.

तुमच्याही घरात, ओळखीत, कुणाचा तरी पाय असा उशीवर असेल. बघायला जा, केळी न्या, सगळ्या चौकश्या करा, मी तर म्हणते जास्तच करा. फक्त आत शिरण्याआधी विचारा, तुमच्यासाठी काय खाली येणार आहे. येत असेल तर दारातच पाठ फिरवून बसा. गप्पा तशाही होतात.

बरं, आता मी गप्प बसते. दारात आबा खाकरले.

पाय आहे तिथेच आहे.